एल्स्पेटनं ओलांडलेली दोरी

एल्स्पेट फ्लेट डोक्यानं जरा कमी आहे, असं आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांच्या मते 'जरा' हा शब्द उगाच घातलेला होता. माझं मत कुणी विचारलं नाही, कारण मी तिची मैत्रीण. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की बाबांनो, एका जुन्या होडीची सव्वीस वर्षं चाकरी करायची, तिच्या फटींत ताग ठोकायचा, तिला डांबर लावायचं, तिचं शीड रंगवायचं, आणि तिच्यात एकदाही पाय ठेवायचा नाही, हे डोकं कमी असलेल्या बाईचं काम नव्हे. त्याला काहीतरी जबरदस्त कारण लागतं. ते कारण काय, हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी तर तिच्या घरापासून चौथ्या दारात राहते.

होडीचं नाव 'पेशन्स'. चाळीस फुटी, दोन्ही टोकांना निमुळती, एल्स्पेटच्या आजोबांनी बांधून घेतलेली. आधी शिडावर चालायची, मग एल्स्पेटच्या बापानं तिची डोलकाठी कापून पोटात इंजिन बसवलं. पुढं लोखंडी बोटी आल्या आणि लाकडाच्या होड्या बंदराच्या चिखलात एकेक करून कुजायला लागल्या. पेशन्सही तशीच पडली होती. एका वर्षी गावातल्या पोरासोरांनी ठरवलं, की नोव्हेंबरातल्या मोठ्या शेकोटीत यंदा हिलाच जाळायची. हसूनखेळून ठरवलं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तेल घेऊन आले तर होडीला पाठ टेकून एल्स्पेट उभी.

"बाजूला हो गं," म्हणाले.

"नाही होत," म्हणाली.

भरती आली तरी ती हलली नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. मी धक्क्यावरून ओरडले, "अगं मूर्ख बाई, होडीत चढून बस की! आत बसलीस तर कोण जाळणार आहे?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी तिला चर्चमध्ये नागडी नाचायला सांगितलं. चढली नाही. पोरं कंटाळून निघून गेली, होडी वाचली, आणि बाई पंधरा दिवस न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. तिला रस्सा भरवायला मीच जात होते, दुसरं कोण जाणार?

त्यानंतर मंडळ निघालं. मंडळ म्हणजे काय, तर तीन म्हातारे, एक पडवी आणि चहाची किटली. एल्स्पेटनं सगळ्यांना कामाला जुंपलं. इंजिन काढलं, नवी डोलकाठी बसवली, किडलेल्या फळ्या बदलल्या. आमच्या पोर्टलोरीत आडनावं चारच. अर्धं गाव मेअर. त्यामुळं टोपणनावाशिवाय कुणाचं पानही हलत नाही. सँडी मेअर उंच आणि सडपातळ, तो 'बगळा'. जेम्स मेअर जिथं बसेल तिथं पसरतो, तो 'गोणी'. हे दोघं पेशन्सवर पोरवयात कामाला होते. बगळा सोळाव्या वर्षी होडीतला स्वयंपाक्या होता आणि आता तोच तिचा तांडेल झाला. तिसरा डंकी. दर उन्हाळ्यात ही मंडळी शीड लावून खाडीबाहेर जायची, आणि एल्स्पेट धक्क्यावर उभी राहून बघायची. परत आली, की दोर धुवायला पुढं.

शिडाचं काम मात्र एल्स्पेटचंच. आमच्याकडची शिडं लालसर तपकिरी असतात, कारण ती काताच्या पाण्यात उकळतात. कात म्हणजे तोच, पूर्वेकडच्या खैराच्या लाकडाचा. पूर्वी पेट्याच्या पेट्या उतरायच्या बंदरावर. शिडाला कात पाजला, की ते समुद्राच्या पाण्यानं कुजत नाही. एल्स्पेट मोठ्या तांब्याच्या हंड्यात कात उकळायची, त्यात चरबी सोडायची, आणि काठीनं ढवळत बसायची. तिचे हात कोपरापर्यंत विटकरी झालेले असायचे. माझ्या बेकरीत बटरी, म्हणजे आमचा खारट चपटा पाव, घ्यायला आली, की गिऱ्हाइकं दचकून बघायची. मी म्हणायचे, "घाबरू नका, कुणाचा खून केलेला नाही तिनं." हे मी म्हणायचे. तिच्या तोंडावर, हसत हसत! आज आठवलं, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या वर्षी काय झालं, की म्हातारे आणखी म्हातारे झाले. होडीचं करायचं कुणी? तिकडं दक्षिणेला एका संग्रहालयानं तिला घ्यायचं कबूल केलं. चांगली माणसं, काचेचं छप्पर, खाली लाकडी टेकू, तिथं ती शंभर वर्षं टिकेल. पण पाण्यात पुन्हा कधी नाही. सप्टेंबरात ट्रक येणार होता. त्याआधी एकदा शेवटचं शीड लावून स्केर खडकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. आणि आठवडा राहिलेला असताना डंकी आपल्याच जिन्यावरून पडला आणि कंबर मोडून घेतली.

हे शीड एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही. होडीची दिशा बदलायची, तर दर वेळी शीड उतरवून, त्याचं पुढचं टोक आकड्यातून सोडवून, डोलकाठीच्या पलीकडं नेऊन पुन्हा अडकवावं लागतं. त्याला पाच माणसं लागतात. बगळा, गोणी आणि एबर्डीन शहरातले दोन हौशी गडी, असे चार झाले. पाचवा कोण?

त्या दिवशी पडवीत शेवटचा कात उकळत होता. मी गरम बटरी घेऊन गेले होते. बगळा बराच वेळ काठीनं जमीन उकरत बसला होता, मग एकदम म्हणाला, "एल्स्पेट, तू चल."

"नाही."

"अगं, या शिडाची शिवणन्‌शिवण तुझ्या हातची आहे. आकडा तू डोळे झाकून लावशील."

"मी नाही म्हटलं ना सँडी!"

गोणीला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "पाण्याला भ्यायलीस, का आमच्या वासाला? का अजून ते जुनं धरून बसलीस, बाई होडीत आली तर मासे पळतात? आता मासे आहेतच कुठं पळायला!"

मी पण त्याचीच री ओढली. म्हटलं, "ट्रकवर चढवल्यावर बघत बसणार आहेस का? शेवटची संधी आहे, म्हातारे. मेल्यावर तिकीट काढून बघायला जाशील?"

एल्स्पेटनं काठीनं ढवळायचं थांबवलं. कात हंड्यात बुडबुडत होता. ती आमच्यापैकी कुणाकडंच न बघता म्हणाली, "वॅटीला मी मारलं."

वॅटी म्हणजे तिचा भाऊ. एकोणीस वर्षांचा होता. एकसष्ट वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, पेशन्सवरून वाहून गेला. होडी परत आली, तो आला नाही. एल्स्पेट तेव्हा अकरा वर्षांची होती. आता सांगायला हरकत नाही, त्याचं आणि माझं ठरत आलं होतं. मी सतराची होते, बेकरीत कामाला. अजून कुणी कुणाच्या घरी विचारलं नव्हतं, पण गावाला सगळं कळतं. पुढं मी बेकरीवाल्याशी लग्न केलं, चांगला माणूस होता, तक्रार नाही. पण वॅटीचं नाव कानावर पडलं, की अजूनही हातातली वस्तू खाली ठेवावी लागते. मी बटरीची टोपली खाली ठेवली.

"त्या दिवशी सकाळी आईनं गळांची दोरी टोपलीत रचून दारात ठेवली होती," एल्स्पेट सांगायला लागली. "सहाशे गळ, प्रत्येकाला शिंपल्याचं मांस लावलेलं. मला शाळेला उशीर झाला होता. वळसा घालून जायचं सोडून मी ती ओलांडली. मुलीनं दोरी ओलांडू नये, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. ओलांडली तर लगेच उलटं ओलांडायचं, म्हणजे फिटतं, हेसुद्धा ठाऊक होतं. पण घंटा वाजली. म्हटलं, दुपारी आल्यावर ओलांडीन. दुपारी पळत आले तर टोपली नव्हती. होडी गेली होती."

तिनं विटकरी हात एप्रनला पुसले.

"बाबांना कळलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून त्यांनी माझ्या तोंडाकडं कधी नीट बघितलं नाही. मरेपर्यंत. जेवताना मीठ मागायचे तेसुद्धा ताटाकडं बघून. मग मी कोणत्या तोंडानं त्या होडीत पाय ठेवू? ती कुजू द्यायची नाही, एवढंच माझ्या हातात होतं."

गोणी हसला असता, तर मी त्याच्या टाळक्यात किटली घातली असती. पण तो हसला नाही. मासळीच्या उलट्या खोक्यावर बसला होता, तसाच पुढं वाकला.

"दोरीचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "मी त्या दिवशी होडीत 'डुक्कर' म्हणालो."

एल्स्पेटनं मान वर केली. आमच्याकडं होडीत हा शब्द उच्चारत नाहीत. 'गुरगुऱ्या' म्हणतात, तेही अगदीच नड असेल तर. चुकून तोंडातून गेला, तर लगेच लोखंडाला हात लावायचा.

"मोठ्यानं म्हणालो," गोणी म्हणाला. "वॅटीला हसवायला. तो हसला. म्हणाला, लोखंडाला हात लाव रे गाढवा. मी म्हटलं, हॅट, आपण काय म्हातारे आहोत का! नाही लावला. तासाभरात तो गेला. तेव्हापासून घरात प्रत्येक दाराला मी लोखंडी कडी ठोकलीय. बायको विचारते, एवढ्या कड्या कशाला? काय सांगू तिला?"

"मी शिट्टी वाजवली होती," बगळा म्हणाला. "बटाटे सोलताना. होडीत शिट्टी वाजवली, की वाऱ्याला बोलावणं जातं. तांडेल म्हणजे तुझा बाप, त्यानं ऐकलं असतं तर समुद्रात फेकलं असतं मला. कुणी ऐकलं नाही. मी सोळा वर्षांचा होतो, नवीन गाणं शिकलो होतो."

बघा काय प्रकार! तिघं म्हातारे, एकाच पडवीत, सव्वीस वर्षं एकाच किटलीतला चहा पिणारे, आणि प्रत्येकाच्या छातीवर तोच एक पोरगा बसलेला. मला रडावं का ओरडावं कळेना. मी ओरडले. "अरे, लाट आली होती! आडवी लाट! पायात मांड्यांपर्यंत बूट, अंगावर जाड लोकर, पोहता तुमच्यातल्या एकालाही येत नव्हतं! दोरीनं आणि डुकरानं माणसं मरतात होय?"

"लाट सगळ्यांवरच आली होती, नेटी," बगळा शांतपणे म्हणाला. "गेला तो एकटाच."

मग तो एल्स्पेटकडं वळला. "तुझ्या बापाचं ऐकायचं आहे का? त्यानं मरताना मला शपथ घातली होती. पण तू आज हे बोललीस, आता शपथ गेली खड्ड्यात." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "धक्क्यापाशी त्या दिवशी दुसरी एक होडी आडवी लागली होती. रिवाजाप्रमाणं सूर्य फिरतो त्या बाजूनं वळायचं तर तिला हलवेपर्यंत थांबावं लागणार होतं. ओहोटी लागली होती. तुझ्या बापानं पेशन्स उलटी वळवली, सूर्याच्या विरुद्ध. सबंध जन्मात एकदा. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाला, सँडी, पोराला मी घालवलं. पोरीच्या तोंडाकडं बघायची मला कधी हिंमत झाली नाही. अगदी त्याच्यासारखं नाक आहे रे तिचं."

एल्स्पेट हंड्याशी उभी होती. तिचा चेहरा वाफेत नीट दिसत नव्हता. ती म्हणाली, "एकतीस वर्षं झाली बाबांना जाऊन. आणि तू हे मला आज सांगतोस?"

"शपथ होती."

"शपथेला लाग आग! मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होते!" असं म्हणून तिनं हातातली काठी भिंतीवर भिरकावली. भिंतीवर काताचा डाग पडला, तो अजून आहे. मग ती खाली बसली आणि अकरा वर्षांच्या पोरीसारखी रडली. गोणी तिच्या पाठीवर थोपटत होता, तेही अगदी चुकीच्या जागी, मानेवर.

सगळं निवल्यावर बगळ्यानं माझ्याकडं बघितलं. "नेटी, तुझं काय?"

"माझं काय असणार?" मी म्हटलं. "मी बेकरीत होते त्या दिवशी. आणि मी असल्या खुळचट गोष्टी मानत नाही."

मी टोपली उचलून घरी आले.

त्या शनिवारी सकाळी लख्ख ऊन होतं, पण उत्तरेचा वारा चावत होता. सगळं गाव धक्क्यावर. पेशन्स काळीभोर चकाकत होती, नवा कात प्यायलेलं शीड वर चढायला तयार होतं. एल्स्पेट आली ती बापाचा जुना लोकरीचा अंगरखा घालून, हातात जाड हातमोजे. धक्क्याच्या मधोमध थांबली. पुढं पाय उचलेना.

बगळ्यानं काय केलं असेल? होडीतून जुन्या गळांची एक दोरी काढली आणि तिच्यासमोर आडवी टाकली. गळ काढलेली, नुसतीच दोरी. स्वतः पलीकडच्या बाजूला, होडीपाशी जाऊन उभा राहिला.

"तेव्हा तिकडं गेलीस," तो म्हणाला. "आता इकडं ये. उलटं ओलांड."

"एकसष्ट वर्षांनी फिटतं का रे?" तिनं विचारलं. चेष्टेत नाही, खरंच विचारलं.

"कुणी मुदत घालून दिली होती का?"

गावातली माणसं हसतील असं मला वाटलं होतं. पण ज्यांना कारण ठाऊक नव्हतं, त्यांनीसुद्धा टोप्या काढल्या. एल्स्पेटनं हातमोजे काढले, दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर दोन्ही उघडे तळवे टेकवले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग स्कर्ट जरासा वर धरला आणि दोरी ओलांडली. गोणीनं हात दिला आणि बाई होडीत चढली. बहात्तर वर्षांची, पहिल्यांदा.

दोर सुटले. बगळ्यानं होडी वळवली, सूर्याच्या बाजूनं, अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं. एल्स्पेट होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, आकड्यापाशी उभी होती, पाठ आमच्याकडं.

आणि मला दिसलं, हातमोजे तसेच खुंट्यावर राहिले होते.

मी ते उचलले. होडी अजून हाकेच्या अंतरावर होती. या वाऱ्यात तो ओला दोर उघड्या हातानं ओढायचा, म्हणजे हाताची सालटं निघतात. तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि तसाच धरून ठेवला.

कारण वॅटीही हातमोजे विसरला होता. त्या सकाळी तो बेकरीत आला, दोन बटरी घेतल्या, मला डोळा मारला आणि निघाला. हातमोजे तिथंच राहिले. मी ते घेऊन पळत दारात आले. तो बंदराच्या उतारावर अर्ध्यात पोचला होता. समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. मला कुणी शिकवायची गरज होती का? मी तीन पिढ्यांच्या मासेमाऱ्यांची पोरगी. पण मी हाक मारली. "वॅटी!" सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी. कारण मला त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं, एवढंच. तो वळला, परत आला, हातमोजे घेतले आणि हसून म्हणाला, "मागून हाक मारलीस ना, आता बघ काय होतंय ते!" हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी असल्या खुळचट गोष्टी मानत नाही. एकसष्ट वर्षं मी हे प्रत्येकाला सांगत आलेय.

होडी खाडीबाहेर गेली. लोक पांगले. मी हातमोजे छातीशी धरून तिथंच उभी राहिले. बेकरी त्या दिवशी बंद ठेवली. दुपार उलटली तेव्हा स्केर खडकाच्या अलीकडं तपकिरी टिंब दिसलं, ते मोठं होत गेलं, आणि चार वाजता पेशन्स धक्क्याला लागली. मी माणसं मोजली. पाच.

एल्स्पेट उतरली. गाल लालबुंद, केस मिठानं ताठ. "तिथं काही नाही गं, नेटे," ती म्हणाली. "नुसतं पाणी आहे. मी त्याच्याशी थोडं बोलले, मग शीड फिरवायचं होतं." एवढ्यात तिची नजर माझ्या हाताकडं गेली आणि ती कडाडली, "थेरडे! माझे हातमोजे घेऊन उभी आहेस? हे बघ, बोटांची सालटं निघालीत! निघताना एक हाक मारायला तुझी जीभ झडली होती का?"

मी हातमोजे पुढं केलेच नाहीत, छातीशी आणखी घट्ट धरले. 

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला. "नेटे, तूसुद्धा?"

मी मान डोलावली.

"हातमोजेच?"

"हातमोजेच."

तिनं ते माझ्या हातातून घेतले, घातले, बोटांची लोकर नीट केली. मग माझ्याकडं पाठ केली आणि धक्क्यावरून सरळ गावाच्या दिशेनं चालायला लागली. दहा पावलं गेली, वीस गेली. तिथं ती थांबली, पण वळली नाही.

"मी घरी चाललेय, नेटे," ती पुढं बघतच ओरडली. "आता मार हाक."

मी श्वास घेतला, या वेळी धरून ठेवला नाही. मारली मी हाक. "एल्स्पेट!" सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी.

ती वळली, आणि परत आली.